राणीच्या पोटाखालून

सातारा जिल्ह्यात फौजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो पायदळातला माणूस. खांद्याला रायफल, पायात बूट, सुट्टीवर आला की काळी ट्रंक आणि कँटीनचं सामान. जवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला 'मिलिटरी' उगाच चिकटलेलं नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली, तीही साताऱ्यातच. अशा मुलखात हवाई दलात गेलेल्या माणसाची जरा पंचाईतच होते.

माझे थोरले मामा हवाई दलात इंजिन फिटर होते. गावाकडे त्यांना सगळे 'विमानवाले' म्हणायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "किती विमानं पाडली?" पाडली नाहीत म्हटलं की दुसरा, "मग चालवता तरी का?" तेही नाही म्हटल्यावर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक निराशा पसरायची. ती मी लहानपणी माजघराच्या दारातून अनेकदा पाहिली आहे. मामा शांतपणे तंबाखू मळत म्हणायचे, "चालवणारे येगळे. आम्ही चालतं ठेवतो." यावर कुणी पुढे काही विचारत नसे. विमान चालतं ठेवणं म्हणजे एसटीच्या डेपोतलं काम, फक्त पगार दिल्लीहून येतो, एवढाच अर्थ बहुतेकांनी लावला होता.

मामांच्या उमेदीची वर्षं 'पॅकेट' नावाच्या मालवाहू विमानावर गेली. ज्याला त्या विमानाबद्दल काही माहीत नाही त्याला त्यांच्या गोष्टी अर्ध्याच कळतात. मलाही अर्ध्याच कळत होत्या. पुढे आम्ही गोव्याला गेलो आणि बाकीचं तिथे एका वेगळ्याच विमानाखाली उभं राहून कळलं.

साताऱ्याहून गोव्याला जाणारी कुटुंबं कोल्हापूरला तांबड्या-पांढऱ्यासाठी थांबतात, आंबोलीला धबधब्यापाशी फोटो काढतात आणि मग एकदम समुद्रावर उतरतात. दाबोळी विमानतळाच्या अंगाला, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. ते १९९८ मध्ये सुरू झालं. आवारात विमानं मांडून ठेवली आहेत. नौदलाने १९५३ मध्ये घेतलेलं पाण्यावरही उतरणारं 'सीलँड', 'फायरफ्लाय', 'व्हँपायर', १९७१ मध्ये विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडालेली 'सी हॉक' आणि 'आलिझे', आणि अर्थातच 'सी हॅरियर'. उभ्या उभ्या उतरणारं विमान म्हणून पोरांचा गराडा तिथेच. त्याच्या इंजिनाचा झोत चार तोंडांतून बाहेर पडतो आणि ती तोंडं खाली वळवली की विमान त्या झोतावर तरंगतं. १९८३ च्या डिसेंबरात पहिली हॅरियर गोव्यात आली आणि २०१६ च्या मे महिन्यात गोव्यातच त्यांना निरोप दिला गेला. आमच्याबरोबरच्या पोरांनी तिच्यापुढे दोन्ही हात पसरून जेवढे फोटो काढता येतील तेवढे काढले.

मामा मात्र आत शिरले आणि कुणाकडे न बघता सरळ चालत गेले ते सगळ्यात मोठ्या विमानाकडे. चार इंजिनं, तीन शेपट्या, पाठीपासून पोटापर्यंत वळण घेत गेलेलं लांबलचक अंग. लॉकहीडचं 'सुपर कॉन्स्टेलेशन'. मी त्यांच्यामागे गेले तेव्हा ते वर बघत नव्हते. एका इंजिनाच्या बरोबर खाली उभे राहून जमीन बघत होते.

"काय शोधताय मामा?"

"तेल."

मला वाटलं थट्टा करताहेत. तसं नव्हतं. म्हणाले, "या जातीच्या इंजिनाखाली जमिनीवर तेल दिसलं नाही तर समजायचं, आत तेलच नाही." मग वर बोट करून म्हणाले, "हे आपलंच इंजिन हाय."

'आपलंच' म्हणजे पॅकेटचं. घरी येऊन मी पडताळून पाहिलं. राइट कंपनीचं आर-३३५० नावाचं हे इंजिन, त्याचे वेगवेगळे अवतार, पॅकेटला दोन आणि सुपर कॉन्स्टेलेशनला चार. मधल्या दांड्याभोवती गोलाकार बसवलेले सिलिंडर, नऊ पुढच्या रांगेत आणि नऊ मागच्या. ३३५० हा आकडा सिलिंडरांच्या एकूण आकारमानाचा, घन इंचांत. आपल्या हिशेबात जवळजवळ ५५ लिटर. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एका इंजिनाला ३६. चार इंजिनांच्या या विमानाला १४४. "एक प्लग खराब असला तरी इंजिन खोकतं. मग शोधा, छत्तीसातला कुठला," मामा म्हणाले. सुपर कॉन्स्टेलेशनमध्ये धुराबरोबर वाया जाणारी ताकदसुद्धा तीन छोट्या टर्बाइनांनी पकडून पुन्हा इंजिनाला जोडलेली होती. कल्पना हुशारीची, पण बिघडायला आणखी तीन जागा. वैमानिकांत एक जुना विनोद आहे की सुपर कॉन्स्टेलेशन हे जगातलं उत्तम तीन इंजिनी विमान. चौथं बहुतेक वेळा बंदच पडलेलं.

तिथेच उभ्या उभ्या मामांनी सकाळची पहिली हजेरी कशी असायची ते सांगितलं. गोल इंजिन रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपून सगळ्यात खालच्या सिलिंडरांत साचतं. तेल दाबलं जात नाही. तसंच बटण दाबून इंजिन सुरू केलं तर खालचा पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि त्याचा दांडा वाकतो. म्हणून आधी पंखा हाताने फिरवायचा. एकेक पातं धरून, ढकलत, मोजत. पॅकेटचा पंखा एकट्याने फिरणारा नव्हे, दोघे-तिघे लागायचे. मध्येच अडला तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं, खालचा प्लग काढायचा, तेल गळू द्यायचं आणि मग पुढे. "नवीन पोरं जोर लावायची," मामा म्हणाले. "जोर लावला की काम झाल्यासारखं वाटतं. दांडा मात्र थोडा वाकलेला असतो. तो त्या दिवशी तुटत नाही. आठ दिवसांनी तुटतो, डोंगरावर." हे सांगताना त्यांचे दोन्ही हात छातीच्या उंचीवर आले होते, पात्याच्या कडेला धरल्यासारखे, बोटं उघडी, अंगठा बाहेर ठेवलेला. अंगठा आत अडकवायचा नाही, इंजिनाने अचानक उचल खाल्ली तर हात सुटला पाहिजे. पन्नास वर्षांनीही अंगठा आपोआप बाहेरच राहिला होता.

शेजारून एक बाई मुलाला सांगत होत्या, "हे पॅसेंजरचं दिसतंय रे, चल." त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. हे विमान मुळात प्रवाशांचंच. एअर इंडियाने १९५० च्या दशकात सुपर कॉन्स्टेलेशन आणली तेव्हा त्यांना राण्यांची नावं दिली. त्याआधीच्या लहान कॉन्स्टेलेशनना राजकन्यांची होती. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालेली 'मलबार प्रिन्सेस' त्यांतलीच, आणि १९५५ च्या एप्रिलमध्ये बाँबचा स्फोट होऊन समुद्रात कोसळलेली 'काश्मीर प्रिन्सेस'ही त्यांतलीच. पुढे जेट विमानं आली आणि राण्या एकदम म्हाताऱ्या ठरल्या. त्यांतल्या काही १९६० च्या दशकात हवाई दलाकडे गेल्या. गाद्यागिर्द्या गेल्या, रडार आलं, आणि लंडनच्या प्रवाशांना जेवण वाढणारं विमान समुद्रावर तासन्‌तास गस्त घालू लागलं. हे काम करणारी हवाई दलाची सहावी स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, आपल्या पुण्याच्या लोहगावात होती. १९७६ मध्ये समुद्रावरच्या गस्तीचं काम नौदलाकडे आलं तेव्हा राण्याही नौदलाकडे आल्या, गोव्यात. म्हणजे बोगमाळोला उभं असलेलं हे धूड तीन घरी नांदून आलेलं आहे, आणि आता चौथ्या घरी.

त्या दिवसापासून माझं विमानांच्या संग्रहालयाकडे बघणं बदललं. आधी मी पराक्रम शोधायचे. कुणी कुणाला पाडलं, किती वेगाने, किती उंचीवर. ते आहेच, आणि ते असायलाच हवं. पण आपल्याकडची ही विमानं एका रांगेत उभी केली की दुसरी एक गोष्ट दिसायला लागते. यांतली किती तरी दुसऱ्याने टाकून दिलेली, दुसऱ्यासाठी बनवलेली किंवा दुसऱ्याच कामाची होती. विक्रांत हे जहाज १९४३ मध्ये इंग्रजांच्या आरमारासाठी 'हर्क्युलिस' म्हणून बांधायला घेतलं होतं. युद्ध संपलं, जहाज अर्धवट पडून राहिलं, आपण १९५७ मध्ये विकत घेतलं, पुरं करून घेतलं आणि १९६१ मध्ये ते सेवेत आलं. १९७१ मध्ये तिचा एक बॉयलर तडकलेला होता. पुऱ्या वेगाने पळता येत नव्हतं, तरी ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरला तिच्यावरून सी हॉक उडाली ती कॉक्स बझारवर. त्या दिवशी बॉयलररूममध्ये कोण होतं याबद्दल कुठल्या फलकावर मी वाचलेलं नाही.

दिल्लीला एका लग्नाच्या निमित्ताने जाणं झालं तेव्हा मामा बरोबर होतेच. लग्न बाजूला राहिलं, पालमचं हवाई दलाचं संग्रहालय आधी. ते १९६७ पासूनचं. तिथे वापिती नावाचं जुनं दुपंखी विमान आहे. १ एप्रिल १९३३ रोजी हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली ती अशा चार वापितींवर, कराचीत. स्पिटफायर, हरिकेन, लायसँडर, टेंपेस्ट. जपान्यांचा 'ओका', म्हणजे आत माणूस बसवून सोडायचा उडता बाँब. त्याच्यापुढे थांबवलं नाही. नॅट आहे. बुटकं, चपळ, १९६५ मध्ये पाकिस्तानच्या सेबर विमानांना पुरून उरलेलं. त्याच्या एका भावंडाची गोष्ट मला फार आवडते. १९६५ च्या सप्टेंबरात एक नॅट पाकिस्तानात पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं आणि ताब्यात गेलं. ते आज कराचीच्या संग्रहालयात उभं आहे. आपल्या गल्लीतलं पोर दुसऱ्याच्या घरच्या फोटोत सापडावं तसं.

पण पालमला खरं थांबावं ते लिबरेटरपाशी.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १८ हजारांवर लिबरेटर बनवली. त्यांतली बरीच उधारीच्या करारावर इंग्रजांच्या हवाई दलात आली आणि भारतातून ब्रह्मदेशावर बाँब टाकत राहिली. युद्ध संपल्यावर करारच असा की विमानं परत तरी करा नाहीतर निकामी तरी करा. परत नेणार कोण? मग कानपूरच्या तळावर ओळीने उभी करून ती मोडण्यात आली. उपकरणं फोडली, पत्रे फाडले, पुन्हा कुणाला उडवता येऊ नयेत अशी व्यवस्था केली आणि मंडळी मायदेशी गेली.

स्वातंत्र्यानंतर आपल्याला लांब पल्ल्याचं बाँबफेकी विमान हवं होतं आणि तिजोरीत खडखडाट. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कारखान्याच्या लोकांनी कानपूरला जाऊन तो भंगाराचा ढीग पाहिला. याचा पंख त्याला, त्याचं चाक याला, असं करत एकेक विमान कसंबसं उडण्याजोगं केलं. मग त्यांचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ते एकेक करत बंगळूरला उडवत घेऊन गेले. डागडुजी केलेलं, कुणीतरी मुद्दाम मोडलेलं विमान, आणि खाली सगळा मध्य भारत. बंगळूरच्या कारखान्यात त्यांची नीट दुरुस्ती झाली आणि १९४८ पासून ती हवाई दलात रुजू झाली. चाळीसच्या आसपास. जगाने लिबरेटर कधीच मोडीत काढली होती, तरी आपली १९६८ पर्यंत उडत राहिली. लोहगावच्या ज्या सहाव्या स्क्वाड्रनबद्दल वर लिहिलं, ती सुपर कॉन्स्टेलेशन येण्याआधीपासून हीच विमानं चालवत होती. गोव्याच्या राणीची ही थोरली जाऊ.

यातला खरा मासला पुढे आहे. जगभरच्या संग्रहालयांना लिबरेटर हवं झालं तेव्हा धड शिल्लक राहिलेली सापडली ती भारतात. इंग्रजांच्या हवाई दलाच्या संग्रहालयात आज जे लिबरेटर आहे, ते आपल्या हवाई दलाने १९७४ मध्ये भेट दिलेलं. ज्यांनी मोडून टाकली त्यांनाच आपण एक नीट करून परत दिली. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की पहारेकऱ्याने वळून पाहिलं.

मग ते त्यांच्या पॅकेटपाशी गेले.

पॅकेट दिसायला सुंदर नाही. मध्ये एक मोठं खोकं, दोन्ही बाजूंना दोन लांब दांडे, ते मागे शेपटीने जोडलेले. खोक्याचं मागचं दार उघडलं की जीपसुद्धा आत जाते. १९५४ पासून आपल्याकडे, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत. आग्र्याला पॅराशूटवाल्यांना उड्या मारायला नेण्यापासून लडाखला रसद पोचवण्यापर्यंत सगळं याच्याच डोक्यावर. आणि लडाखला खरी अडचण. हवा विरळ, इंजिनं दमतात, त्यातलं एक बंद पडलं तर दुसऱ्याच्या जोरावर डोंगर ओलांडणं कठीण. यावर काढलेला उपाय असा की विमानाच्या पाठीवर तिसरं, जेट इंजिन बसवायचं. त्यासाठी पुढे वापरलं ते ऑर्फियस, म्हणजे नॅटच्या पोटात असतं तेच. स्वदेशी 'मारुत' या लढाऊ विमानातही तेच, जोडीने. सेबरच्या पाठीमागे लागणारं इंजिन इथे खोक्याच्या पाठीवर बसून तांदळाची पोती लेहला पोचवत होतं. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट लडाखच्या उत्तर टोकाला दौलत बेग ओल्डीच्या पट्टीवर उतरवलं. साडेसोळा हजार फुटांवर. मामा तेव्हा शाळेत होते, पण भरती झाल्यावर हे नाव त्यांनी इतक्यांदा ऐकलं की आज ते राजेसाहेबांबद्दल आपल्या आळीतल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात.

लेहला उतरलं की इंजिन बंद करायचं नाही, असा त्यांच्या वेळचा शिरस्ता. थंडीत तेल गोठल्यासारखं होतं, पुन्हा सुरू झालं नाही तर विमान तिथेच. पंखे फिरत असताना माल उतरवायचा, माणसं चढवायची, निघायचं. मामा म्हणतात, लेह मी कितीदा तरी गेलो, पाहिलं मात्र नाही. पाहिलं ते एक्झॉस्टच्या धुरातून, तेही पळता पळता.

पालमच्या पॅकेटपाशी त्यांनी एक गोष्ट केली, ती मला अजून दिसते. चाकाच्या वरच्या अंगाला पत्र्याचं एक झाकण होतं. विमानावर अशी झाकणं जागोजाग असतात. ती ज्या गोल चापांनी बसवतात त्यांच्या डोक्याला खाच असते. स्क्रू ड्रायव्हर घालून पाव फेरा दिला की चाप सुटतो, उलटा दिला की बसतो. खाच कुठल्या दिशेला आहे ते बघून लांबूनच कळतं, झाकण लागलंय की नुसतं टेकलंय. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, जवळ गेले आणि अंगठ्याचं नख त्या खाचेत घालायला गेले. नख आत गेलंच नाही. खाच रंगाने भरलेली होती. एकावर एक, किती हात रंग मारला असेल कोण जाणे. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या भरलेल्या.

"बंद केलंय," एवढंच म्हणाले. मग जरा वेळाने, "इतकं स्वच्छ विमान मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं."

मला तेव्हा रंग मारणाऱ्यांचा राग आला होता. आता तेवढा येत नाही. मोकळ्या आवारातलं ॲल्युमिनियम रंगाशिवाय टिकत नाही. पोलादी बोल्ट जिथे ॲल्युमिनियमला टेकतो तिथे ओल लागली की दोन धातूंचं भांडण सुरू होतं आणि मऊ धातू हरतो. गोव्यात तर हवेतच मीठ. रंग मारला नाही तर दहा पावसाळ्यांत विमानाच्या जागी पत्र्याची चाळण उरेल. पण रंगाने आकार वाचतो आणि काम पुसलं जातं, हेही खरं. लिबरेटरवर कानपूरची एखादी ठिगळाची पट्टी, पॅकेटच्या झाकणावर एखाद्या कॉर्पोरलने खिळ्याने ओढलेला बाण, राणीच्या पोटावर तेलाचा ओघळ, यातलं काहीतरी एखाद्या हातभर जागेत रंग न मारता, काचेखाली, राखता येणार नाही का? सगळं विमान कारखान्यातून आल्यासारखं चकाकतं तेव्हा ते कधी उडलंच नव्हतं असं वाटायला लागतं.

आणि फलक. लांबी, रुंदी, वजन, वेग, इंजिन, शस्त्रं. सगळीकडे हेच. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. सगळं शहर रांगेत. महाराजांनी वापरली ती हीच असं खात्रीने सांगता येत नाही, हे त्या म्युझियमने आधीच स्पष्ट केलं होतं. त्यावर आपल्याकडे वादही बरेच झाले. त्या वादात मी पडत नाही. मला आवडला तो वाघनखांच्या पेटीवरचा मजकूर. ती ग्रँट डफला साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, असताना कशी मिळाली, कुणाकडून मिळाली, हे त्यावर लिहिलेलं आहे. खरं-खोटं इतिहासकार बघतील, पण वस्तू कुठल्या हातातून कुठल्या हातात गेली हे लिहायचं, एवढं तरी त्यांना महत्त्वाचं वाटलं. आपल्या विमानांच्या फलकावर अशी एक ओळ असती तर? कानपूरच्या भंगारातून, बंगळूरच्या कारखान्यातून, लोहगावला वीस वर्षं. वेगाच्या आकड्यापेक्षा ती ओळ पोरांच्या जास्त लक्षात राहील.

जहाजांच्या बाबतीत तर फलक लावायलाही काही उरलं नाही. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. तिच्या पोलादाचा काही भाग बजाजने घेतला आणि २०१६ मध्ये 'व्ही' नावाची मोटारसायकल काढली. टाकीत विक्रांतचं पोलाद आहे अशी तिची जाहिरात होती. साताऱ्यात तेव्हा बऱ्याच जणांनी ती घेतली. आमच्या शेजारच्या गृहस्थांकडे अजून आहे. पोवई नाक्यावरच्या गर्दीत ती सायलेन्सर फाटल्यासारखी आवाज करत निघते तेव्हा कॉक्स बझारवर विमानं पाठवणारं जहाज भाजी आणायला चाललं आहे, असा विचार माझ्या मनात येतोच. गंमत वाटते आणि थोडं वाईटही. विराट या आपल्या दुसऱ्या विमानवाहू जहाजाचं एवढंही झालं नाही. ते सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात संग्रहालय म्हणून ठेवायचा बेत होता, राज्य सरकारने २०१८ मध्ये मंजुरीही दिली होती. २०२० मध्ये ते मोडण्यासाठी गुजरातेत अलंगला ओढून नेलं. मामींना मालवणकडची ओढ असल्याने त्या अजूनही अधूनमधून विचारतात, "त्या जहाजाचं काय झालं हो?"

२०२५ मध्ये २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ हे लढाऊ विमान निवृत्त झालं. १९६३ पासूनचं. त्यांतली कितीतरी आपल्या नाशिकजवळ ओझरला बनलेली. त्या आठवड्यात आमच्या आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं की आता हवाई दलाकडे विमानं मोकळी होतील, आपण एक मागून आपल्या एखाद्या चौकात बसवू या. इतका फौजी जिल्हा आणि चौकात विमान नाही म्हणजे काय! लगेच तिरंग्यांचा पाऊस पडला. कुणी जागा सुचवली, कुणी विमानाचं तोंड कुठल्या दिशेला हवं ते सांगितलं, एकाने तर उद्‌घाटनाला कुणाला बोलवावं त्याची यादीही टाकली.

मामा ग्रुपवर सहसा लिहीत नाहीत. त्या दिवशी त्यांनी नातवाकडून टाइप करून घेतलं. हवेची तोंडं आणि मागचं तोंड जाळीने बंद करा, नाहीतर महिन्याभरात पारवे आत संसार मांडतील. पाणी साचणार नाही अशी भोकं खालून पाडा, पंखात आधी. टायरवर वजन ठेवू नका, खाली लोखंडी घोडी द्या, टायर दोन वर्षांत बसतात. वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक छत उन्हाने पिवळं पडून तडकतं, त्याला उन्हाळ्यात झाकण लागेल. दर पावसाळ्याआधी धुणं, खरवडणं, रंग. हे कोण करणार त्या माणसाचं नाव आधी लिहा, मग विमान मागा.

त्याला सात-आठ अंगठे आले. एकाने हात जोडलेले पाठवले, 'ग्रेट सर' असं लिहून. नाव कुणीच लिहिलं नाही. थोड्या वेळाने यादीवाल्याने विचारलं, "पण मंडळी, रात्रीचं लाइटिंग कुठल्या रंगाचं करायचं?" आणि रात्री साडेअकरापर्यंत ग्रुपवर भगवं की तिरंगी, एवढीच चर्चा चालली.